मुक्त शैक्षणिक साधने

मुक्त शैक्षणिक साधने : पाठ्यपुस्तके, टिपणे, चित्रे, चित्रफिती, प्रश्नसंच, गोष्टी अशा ज्या साहित्याच्या हक्कधारकाने ते विनामूल्य घेण्याची, जवळ ठेवण्याची, बदलण्याची, दुसऱ्या साहित्यात मिसळण्याची आणि पुन्हा वाटण्याची परवानगी सर्वांना आधीच लेखी देऊन ठेवलेली असते, ते साहित्य. प्रताधिकाराची (कॉपीराइटची) मुदत संपलेले साहित्यही यातच मोडते. ही संज्ञा युनेस्कोने जुलै २००२ मध्ये पॅरिसला भरवलेल्या बैठकीतून पुढे आली.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत नेहमी गल्लत होते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, पण त्यांचे सर्व हक्क मंडळाकडे राखीव आहेत. एखाद्या शिक्षिकेला त्यातला धडा पावरी या आदिवासी बोलीत उतरवून, छापून शेजारच्या शाळांना द्यायचा असेल, तर तिला आधी परवानगी मागावी लागते. साधन मुक्त असते, तेव्हा ही परवानगी पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर छापलेली असते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (स्थापना १९८९) नावातला ‘मुक्त’ शब्द प्रवेशाच्या अटींविषयी आहे. तो अर्थ वेगळा.

शैक्षणिक मजकुरासाठी असा परवाना १९९८ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड वायली यांनी प्रथम लिहिला. आज जगभर चालतात ते मात्र २००१ मध्ये स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स (संक्षेपाने ‘सीसी’) या संस्थेचे परवाने. त्यांची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली आणि सध्याची ४.० आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये. भारतातील शाखेची सुरुवात जानेवारी २००७ मध्ये आयआयटी मुंबईत झाली. परवाने सहा असले तरी अटी चारच आहेत : श्रेय द्या (बाय), बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्या (एसए), व्यापारी वापर नको (एनसी), बदललेली कृती वाटू नका (एनडी). शिक्षणाच्या कामात यांतले ‘सीसी बाय’ आणि ‘सीसी बाय-एसए’ हे दोनच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. ‘एनडी’ असेल तर भाषांतरसुद्धा प्रसिद्ध करता येत नाही आणि मराठीसारख्या भाषेसाठी तिथेच वाट बंद होते. ‘एनसी’ लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण शुल्क घेणारी शिकवणी, वर्गणी घेणारे मासिक, खर्चापुरती किंमत लावणारा प्रकाशक यांच्यापैकी कोणाचा वापर व्यापारी, हे ठरवताना भलेभले अडतात आणि सावध माणूस ते साहित्य बाजूला ठेवतो.

परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. म्हणून तो देणाऱ्याकडे हक्क आहेत का, हे आधी पाहावे लागते. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालक-संस्थेकडे जातो. शिक्षकाने उत्साहाने ‘सीसी बाय’ लिहिले आणि हक्क संस्थेचा निघाला, तर तो परवाना पोकळ ठरतो. संस्थेचे सही-शिक्क्याचे पत्र आधी घ्यावे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. १९६४ साली निधन झालेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२५ रोजी मुक्त झाले.

ही चळवळ घोषणांपेक्षा छोट्या गटांच्या चिकाटीवर उभी आहे. दक्षिण आफ्रिकेत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी शाळेची विज्ञानाची पुस्तके मिळून लिहायला घेतली. त्यातूनच पुढे ‘सियावुला’ या उपक्रमाची दहावी ते बारावीची गणित-विज्ञानाची पुस्तके आली आणि २०१२ मध्ये सरकारने ती छापून शाळांत वाटली. तिथल्या न्गुनी भाषांत सियावुला म्हणजे ‘आम्ही खुले करतो आहोत’. या पुस्तकांच्या दोन आवृत्त्या असत. प्रायोजकांची बोधचिन्हे असलेली आवृत्ती ‘बाय-एनडी’ परवान्याची आणि चिन्हे काढलेली ‘बाय’ परवान्याची. प्रायोजकाचे नाव भलत्या मजकुरावर जाण्याची भीती राहिली नाही आणि शिक्षकाची मोकळीकही टिकली. हा तोडगा आजही उचलण्याजोगा आहे.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणक शिकवणाऱ्या, सुमारे दहा मिनिटांच्या चित्रफिती ‘बाय-एसए’ परवान्याखाली तयार होतात. आधी संहिता लिहितात आणि ती विषय न येणाऱ्या नवख्याकडून तपासून घेतात. मग पडद्याचे चित्रण होते. प्रत्येक वाक्यासमोर मिनिट-सेकंद लिहिलेली संहिता भाषांतरकाराला देतात आणि मराठी किंवा तमिळ निवेदन त्याच चित्रणावर बसवतात. पडद्यावर बटण दाबले जाण्याच्या क्षणी वाक्य संपलेले असावे लागते, त्यामुळे भाषांतर लांबले की ते कापावे लागते. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या आंतरजालावरील मंचावर (२०१५) ‘सीसी बाय’ परवान्याच्या बालगोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत. कोणीही गोष्ट निवडून आपल्या भाषेत आणतो आणि लेखक, चित्रकार, भाषांतरकार यांची नावे गोष्टीबरोबरच पुढे जातात. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये ‘बाय-एसए ३.०’ परवान्याखाली खुला केला. कोंकणी विकिपीडिया तेव्हा अजून प्रायोगिक अवस्थेत होता, २०१५ मध्ये तो स्वतंत्र झाला. सरकारांच्या पातळीवर युनेस्कोची नोव्हेंबर २०१९ ची शिफारस हा आजचा मुख्य आधार आहे. प्रचाराचा ठरलेला काळ म्हणजे २०१२ पासून बहुधा मार्चमध्ये पाळला जाणारा मुक्त शिक्षण सप्ताह.

काम बिघडते ते बहुतेक वेळा चित्रांपाशी. मजकूर स्वतःचा असतो, पण आकृती आंतरजालावरून उचललेली असते. श्रेयात कृतीचे नाव, कर्ता, स्रोत आणि परवाना या चार गोष्टी हव्यात, बदल केला असेल तर तोही नोंदवावा. उदाहरणार्थ : ‘वनस्पती पेशी’, अमुक चित्रकार, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०; नावे मराठीत केली. श्रेयाच्या ओळीतील स्रोत आणि परवाना यांना दुवे जोडावेत. नुसते ‘साभार : इंटरनेट’ लिहिल्याने श्रेय होत नाही, अट मोडते आणि मोडणाऱ्यापुरता परवाना संपतो. ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवाना आपोआप पुन्हा लागू होतो, ३.० मध्ये ही सवलत नाही. दुसरा खड्डा मिश्रणाचा. ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ यांचे साहित्य मिसळून एक नवी कृती करता येत नाही, कारण दोन्ही आपापलाच परवाना मागतात. दोन्ही एका संग्रहात वेगवेगळी ठेवायला मात्र हरकत नाही.

तिसरी अडचण तांत्रिक आहे आणि मराठीत ती फार छळते. परवाना मुक्त, पण हाती पडते फक्त पीडीएफ. तीही युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या फाँटात बांधलेली. अशी पीडीएफ वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही. म्हणून मूळ संपादनक्षम धारिका (फाइल), आकृत्यांच्या सुट्या धारिका आणि युनिकोड मजकूर पीडीएफच्या शेजारीच ठेवावा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या रूपांतरकातून काढला, तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासावेत. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. जोडाक्षर मध्ये आले की त्यांची जागा चुकते. ‘स्थिती’, ‘मार्ग’, ‘निर्मिती’ असे शब्द शोधून पाहिले, तर रूपांतर कुठे फसले ते लगेच सापडते.