गादीखालचे डॉलर

मंदीची चाहूल लागली की फोनवर एक निरोप फिरू लागतो. १९२९च्या महामंदीत अमेरिकेचे पुराणमतवादी राष्ट्राध्यक्ष हूवर हातावर हात ठेवून बसले, मग त्यांच्या जागी उदारमतवादी रूझवेल्ट आले, त्यांनी तिजोरी उघडली आणि अमेरिका वाचली. शाळेतही आपण साधारण हेच शिकलो. पण हूवर काही नुसते बसले नव्हते. कोलोरॅडो नदीवरच्या प्रचंड धरणाचे काम त्यांच्याच काळात, १९३१ मध्ये सुरू झाले. बँकांना कर्ज देणारे सरकारी महामंडळ १९३२ मध्ये त्यांनीच काढले. उलट त्या वर्षीच्या निवडणूक प्रचारात सरकारी खर्च २५ टक्के कापण्याचे वचन देत होते ते रूझवेल्ट! सत्तेवर आल्यावर महिन्याच्या आत त्यांनी सरकारी नोकरांच्या पगाराला कात्री लावलीसुद्धा.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते बँकेतल्या पैशात. हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा पुढचे दोन परिच्छेद जरा सबुरीने घ्या.

समजा, देशात एक-एक डॉलरच्या फक्त १०० नोटा आहेत. लोकांची सवय अशी, की बँकेत १० डॉलर असले तर खिशात १ ठेवायचा. बँकाही १० डॉलरच्या ठेवीमागे १ नोट हाताशी ठेवतात आणि बाकीचे पैसे कर्जाऊ देतात. ते कर्ज फिरून कोणाच्या तरी खात्यात ठेव म्हणून येते. म्हणजे दर १० डॉलरच्या ठेवीमागे २ नोटा अडकल्या. या हिशेबाने १०० नोटांवर ५०० डॉलरच्या ठेवी उभ्या राहतात, वर खिशातले ५०. देशातला एकूण पैसा ५५०.

आता लोक घाबरले. १० मागे २ नोटा खिशात ठेवू लागले. ते पाहून बँकाही घाबरल्या, त्यांनीही १० मागे २ राखल्या. अडकल्या ४. ठेवी उरल्या २५०, खिशात ५०, एकूण ३००. एकही नोट जळली नाही की चोरीला गेली नाही, तरी २५० डॉलर नाहीसे! आणि खिशातल्या नोटा पाहा: आधीही ५०, आताही ५०च. सगळ्यांनी मिळून रोकड जमवायची धडपड केली, रोकड होती तेवढीच राहिली आणि ठेवी मात्र निम्म्यावर आल्या. बीजगणित आवडणाऱ्यांसाठी: लोकांचे रोख-ठेव प्रमाण ‘क’ आणि बँकांचे राखीव प्रमाण ‘ब’ धरा, तर एकूण पैसा = नोटा × (१ + क) ÷ (क + ब). छेदातले ‘क’ आणि ‘ब’ वाढले की सगळे आकसते.

प्रत्यक्षात झाले तेच. १९२९च्या शरद ऋतूत लोकांच्या हातातल्या प्रत्येक डॉलरमागे बँकांत ११हून अधिक डॉलर होते. मार्च १९३३ मध्ये ५सुद्धा नव्हते. सुमारे ९,००० बँका बुडाल्या, देशातला पैसा जवळपास एक तृतीयांशाने आटला, चार कामगारांमागे एक बेकार झाला.

इथे भविष्यवाल्यांची मात्र चांदी असते. शनी वक्री झाल्याने अमुक बँक बुडणार, असे पुरेशा लोकांना पटले तर बँक खरोखरच बुडते. शनीला बिचाऱ्याला त्याची खबरही नसते.

हूवर यांना दुखणे कळले नव्हते असे नाही. फेब्रुवारी १९३२ मध्ये त्यांनी लोकांना साठवलेली रोकड बाहेर काढा म्हणून आवाहन केले. पण कोणती बँक भक्कम आणि कोणती पोकळ, हे कोणी सांगेना. शिवाय डॉलरची सोन्याशी घातलेली गाठ, म्हणजे ठरलेल्या भावाने डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे वचन, त्यांना पवित्र वाटे. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने आपल्या चलनाची अशीच गाठ सोडली, तेव्हा डॉलर वाचवण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पुढच्याच महिन्यात व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला. तापलेल्या माणसाला गोधडी पांघरली.

रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी शपथ घेतली आणि दोन दिवसांत देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या. तपासणीत टिकतील त्याच उघडायच्या, आणि त्यांना मागतील तेवढ्या नोटा मध्यवर्ती बँकेने पुरवायच्या, असा कायदा ९ तारखेला झाला. १२ तारखेच्या रविवारी रात्री ते रेडिओवर बोलले: पैसा गादीखाली ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत ठेवणे अधिक सुरक्षित आहे. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या. रांगा लागल्या, पण पैसे भरायला! साठवलेल्या रोकडीतली निम्म्याहून अधिक महिनाअखेरपर्यंत परत आली. ‘क’ खाली आला. एप्रिलपासून सोन्याची गाठही सुटू लागली. यातली मेख अशी, की बँका बंद करण्याची ही योजना तयार करण्यात हूवर यांच्याच अर्थखात्यातले अधिकारी होते. नव्या सरकारसाठी ते काही दिवस मुद्दाम मागे थांबले.

‘क’ला कायमचा लगाम घातला तो ठेवविम्याने. १ जानेवारी १९३४पासून प्रत्येक ठेवीदाराला २,५०० डॉलरपर्यंत हमी मिळाली. आज या विम्याचे श्रेयही रूझवेल्ट यांना दिले जाते, पण त्यांचा त्याला विरोध होता. संसदेने आग्रह धरला म्हणून त्यांनी सही केली. आपल्याकडे १९६०च्या सुमारास अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर १९६२ मध्ये हाच विमा आला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती, २०२० पासून ती ५ लाख आहे.