कोरडा प्लग, ओला प्लग

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतलं गवत बघता बघता घोट्याच्या वर येतं, आणि नेमका त्याच शनिवारी गराजमधून काढलेला मोअर, म्हणजे गवत कापायचं मशीन, रुसतो. दोरी दहादा ओढली, पंधरादा ओढली. इंजिन नुसतं फुरफुरतं आणि गप्प बसतं.

या एकाच लक्षणामागे दोन उलटी दुखणी असतात. एकात पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्यात ते इतकं पोचतं की पेटतच नाही. आपल्याकडचे मेकॅनिक 'ओव्हर झालंय' म्हणतात ते हेच. घोटाळा असा की उपाशी इंजिनाला चोक द्यायचा (म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त), पेट्रोल पुढे ढकलणारा प्राइमरचा रबरी फुगा तीनचारदा दाबायचा, आणि ओव्हर झालेल्याला यातलं काहीही केलं की ते आणखी बुडतं. दोरी ओढून वैतागलेला माणूस मात्र हमखास फुगाच दाबतो.

म्हणून आधी ठिणगी पाडणारा प्लग काढून बघावा. (त्याआधी हँडलवरचा बार दाबून धरला होता ना, तेवढं आठवा. अमेरिकेत १९८२ पासूनच्या नियमानुसार हात सुटला की पातं ३ सेकंदांत थांबावं लागतं. त्यासाठी बहुतेक मोअरमध्ये इंजिनच बंद होतं. बार सुटलेला असेल तर करंटच येत नाही.) चोक देऊन पाचसहा वेळा दोरी ओढा, वायरची टोपी उपसा, प्लग पान्याने सोडवा आणि टोक निरखा.

टोक कोरडं, पेट्रोलचा वासही नाही, म्हणजे इंजिन उपाशी. दोष बहुधा ऑक्टोबरात टाकीत राहून गेलेल्या पेट्रोलचा. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. कार्बोरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोल हिवाळाभर उडून जातं आणि मागे चिकट पिवळट थर उरतो. वाटीतलं पेट्रोल पुढे सोडणाऱ्या जेटचं भोक टाचणीच्या टोकाएवढं. ते बुजायला कितीसा वेळ? खात्री करायची तर प्लगच्या भोकात चहाचा अर्धा चमचा ताजं पेट्रोल घाला, प्लग बसवून दोरी ओढा. इंजिन दोन सेकंद धडधडून मेलं तर करंट ठीक आहे, अडलंय ते कार्बोरेटरात. मग जुनं पेट्रोल काढून टाका, वाटी खोला, जेट क्लीनरने आणि तांब्याच्या बारीक तारेने मोकळा करा.

टोक ओलं आणि पेट्रोलचा भपकारा, तर ओव्हर. चोक द्यायचा नाही. फुग्याला हात लावायचा नाही. प्लग पुसा आणि तो बाहेरच ठेवून, वायर लांब धरून, पाचसहा वेळा दोरी ओढा; साचलेलं पेट्रोल भोकातून उडून जातं. पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. पुन्हापुन्हा ओव्हर होत असेल तर कार्बोरेटरातली फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी, अडकलेली असू शकते. अशा वेळी ऑइलची कांडी काढून हुंगा. पातळी वर आणि वास पेट्रोलचा, तर ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नका. प्लग ओला आहे पण ठिणगीच पडत नाही, असंही होतं. तेव्हा नवा प्लग लावून बघावा.

आमच्याकडे दोन्हींची खिचडी झाली. बाबा पहिल्यांदाच उन्हाळ्यासाठी आले होते. मोअर उपाशी होता, प्लग कोरडा ठणठणीत, हे मी बघितलं होतं. मी आत पाना शोधायला गेले, तोवर बाबांनी मोअर आडवा केला. "अगं, जरा कलता केला की पेट्रोल उतरतं," म्हणाले. तीस वर्षं त्यांनी स्कूटर अशीच कलती करून सुरू केली होती. पण ती स्कूटर टू-स्ट्रोक, इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. मोअर फोर-स्ट्रोक, त्याच्या पोटात अर्ध्या लिटरच्या आसपास ऑइल वेगळं असतं. बाबांनी कार्बोरेटरची बाजू खाली केली आणि ऑइल एअर फिल्टरपर्यंत गेलं. (कलता करायचाच तर कार्बोरेटर वर.)

पुन्हा प्लग काढला तर ओला! मी ओव्हर समजून पंधरा मिनिटं थांबले, काही उपयोग झाला नाही. शेवटी टोक बोटाने पुसून चोळलं. पेट्रोल बोटावर क्षणात उडतं आणि गार लागतं. हे बुळबुळीत राहिलं, काळसर. फिल्टर कागदी, तोही तेलाने थबथबलेला. फोमचा असता तर साबणाच्या पाण्यात धुऊन घेता आला असता. कागदाचा नवाच आणावा लागला. प्लग बाहेर ठेवून दोरी ओढत सिलिंडरमधलं ऑइल काढलं, मूळचं दुखणं म्हणून जेटही साफ केला.

तिसऱ्या ओढीला सुरू झाला. पहिली काही मिनिटं इतका पांढरा धूर निघाला की शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून डोकावून हाक मारली. बाबांनी त्यांना हात हलवून मराठीतच सांगितलं, "काही नाही, ऑइल जळतंय."