सागवानी पेनला पॉलिश कोणतं घ्यावं?

ताडोबा पाहून परतणारे पाहुणे आमच्याकडे थांबले की बहुतेकांचा पहिला प्रश्न चितळाच्या शिंगाच्या पेनचा असतो. परदेशातले व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून पडतात हे खरं; पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जंगलात सापडलेलं शिंगही सरकारचं असतं. ते उचलणं, विकणं गुन्हा आहे. कोणी आणून दिलं तरी आम्ही ते लेथवर (पेन फिरवून घडवायच्या यंत्रावर) चढवत नाही, कृपया आग्रह करू नये.

आमची पेनं सागवानाची. काही लाकूड पाडलेल्या जुन्या घरांच्या मयाली (छताच्या तुळया) आणि चौकटींचं, काही बल्लारपूरकडच्या व्यापाऱ्यांकडून पावतीसह घेतलेलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान याच भागातून गेलं. जुन्या मयालीचं लाकूड आम्हाला जास्त आवडतं, कारण ते पुरतं वाळलेलं असतं आणि पेन झाल्यावर तडकत नाही.

पॉलिश तीन प्रकारचं मिळतं, भाव तिन्हींचा सारखाच. बहुतेक जण लाखेचं उचलतात, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळही त्यातच जातो.

लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्याच लाखेचा चपडा (शुद्ध केलेल्या लाखेच्या पातळ चकत्या) स्पिरिटमध्ये विरघळवून, पेन लेथवर फिरत असताना कापडाने चढवतो. सागाच्या रेषा त्यात अशा उजळतात की हातातलं पेन खाली ठेववत नाही. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि सॅनिटायझरमध्ये मुख्यतः अल्कोहोलच असतं. हातावर सॅनिटायझर चोळून लगेच पेन धरलं की पॉलिश गेलंच म्हणून समजा. एका डॉक्टरांना भेट मिळालेलं पेन महिन्याभरात परत आलं. क्लिपखाली अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की रेषा मोजता याव्यात, आणि त्यात रुमालाचे धागे रुतलेले. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या पेनचंही असंच होतं. उष्णतेने लाख मऊ पडते.

अशा वेळी लोकांना वाटतं, वरून एक हात मारला की झालं. तसं होत नाही. लाकडाच्या आत पितळी नळी असते आणि दोन्ही टोकांचे धातूचे भाग तिच्यात दाबून बसवलेले असतात. ते ठोकून काढायचे, जुना थर उतरवायचा, नवे थर द्यायचे, मग पुन्हा दाबायचे. दर वेळी ती बसण थोडी सैल होते. नव्या पेनला लागत नाही इतका वेळ याला लागतो.

म्हणून दवाखान्यात, प्रयोगशाळेत किंवा दिवसभर हात धुवावे लागतात अशा कामात पेन जाणार असेल तर डिंकाचं पॉलिश घ्या. फेविक्विकच्या जातीच्या डिंकाचे आठ-दहा पातळ थर देऊन, मधे घासून, वर काचेसारखी चकाकी आणतो. सागात मुळातच तेल असतं, म्हणून आधी लाकूड थिनरने पुसून घेतो. ते टाळलं तर थर पुढे कडेने सुटतो. हे पॉलिश पाणी आणि सॅनिटायझर दोन्ही सोसतं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लावू नका. फरशीवर जोरात पडलं तर टवका उडू शकतो.

चकाकी नको, लाकूड हाताला लागलं पाहिजे, असं वाटणाऱ्यांसाठी जवसाचं तेल आणि वर मधमाशीचं मेण. घामट हाताला हेच बरं, आणि आम्ही स्वतः हेच वापरतो. सागावर तेल वाळायला दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी, म्हणून दिवाळीच्या भेटींची ऑर्डर आधी द्या. पेन फिकं पडलं की घरीच जवसाच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा आणि रात्रभर राहू द्या. खोबरेल लावू नका, ते वाळत नाही आणि पेन चिकट राहतं. तेलाचं कापड बोळा करून कोपऱ्यात फेकू नका; ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. घरात कापूस भरलेला असेल तर जास्तच जपा. कापड बाहेर पसरून वाळवा.

ऑर्डर देताना पेन कोण वापरणार आणि ती व्यक्ती काय काम करते, एवढं सांगा. पॉलिश आम्ही सुचवू. तरीही लाखेचंच हवं असेल तर आनंदाने करून देतो, आणि पहिल्या वर्षात एकदा पॉलिश पुन्हा करून देण्याचे पैसे घेत नाही. त्यासाठी पेन पंधरा दिवस आमच्याकडे ठेवावं लागेल.