काढून ठेवलेलं दूध आणि काढून टाकलेलं दूध

ठाण्यातल्या कोलशेतला माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात रात्री साडेबारा वाजता जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. घोडबंदर रोडवरच्या एका रिसेप्शनहून आम्ही परतलो होतो. तिचं बाळ साडेचार महिन्यांचं. हॉलवर जेवणाआधी तिने व्हिस्कीचे दोन पेग घेतले होते, मोठे. बाळ झाल्यापासून पहिल्यांदाच. घरी आल्या आल्या, अंगावरची साडीही न बदलता ती पंप लावून बसली. वीस मिनिटं मोटर घरघरत होती. बाटलीवरच्या खुणेपर्यंत, ११० मिली दूध भरलं. ते तिने सिंकमध्ये ओतलं, नळ सोडला, स्टीलवरचा पांढरा ओघळ बोटाने पुसून घेतला आणि म्हणाली, "झालं ताई. दारूचं दूध गेलं. आता पाजते."

बाळ रडत होतं, ती पदर सारत होती, आणि मी तिचा हात धरला.

तिला कुणीतरी सांगितलं होतं, "प्यायलीस तर दूध काढून टाक." सांगणाऱ्याने अर्धं ऐकलं होतं आणि तिने त्याच्याही अर्धं. या गोंधळात ती एकटी नाही. दूध आधी काढून ठेवणं आणि नंतर काढून टाकणं, या दोन गोष्टी बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. पंप तोच, बाटली तीच, खुर्चीही तीच. पण एक पेल्याच्या आधीची आणि दुसरी पेल्यानंतरची, आणि बाळाच्या दृष्टीने सगळा फरक तेवढ्यातच आहे.

गोंधळाचं मूळ म्हणजे आपण छातीला गच्चीवरची टाकी समजतो. टाकीत गढूळ पाणी आलं की वॉल्व्ह उघडायचा, सगळं सोडून द्यायचं, मग नवं पाणी स्वच्छ येतं. सोसायटीत राहणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं. दुधाचं तसं नसतं. अल्कोहोलचा रेणू लहान आणि पाण्यात सहज विरघळणारा. तो रक्तातून दुधात जातो आणि दुधातून रक्तात परतही येतो, अडवणारं मध्ये काही नाही. त्यामुळे आईच्या रक्तात ज्या क्षणी जेवढं प्रमाण, जवळपास तेवढंच दुधात. रिकाम्या पोटी घेतली तर साधारण अर्ध्या ते एका तासात हे प्रमाण सर्वात वर जातं, जेवणासोबत घेतली तर एक ते दीड तासात. तिथून पुढे यकृत आपल्या चालीने ते उतरवत नेतं. रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं, मग ते दूध कुणी काढो वा न काढो.

म्हणजे बहिणीने ओतलेले ते ११० मिली काढून काहीच साधलं नव्हतं. पुढच्या पाच मिनिटांत जो पान्हा फुटला असता, त्यातही तेवढंच अल्कोहोल असतं, कारण ते तिच्या रक्तातून येत होतं. उलट तिने काहीही न काढता पुरेसे तास जाऊ दिले असते, तर छातीतलं तेच दूध आपोआप पाजण्याजोगं झालं असतं. आपल्याला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे हाताने करण्यासारखं काही नसतं. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, भरपूर पाणी पिणं, यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही.

मग दूध काढून टाकायचंच नाही का? त्याचीही एक जागा आहे, पण ती आईसाठी. चार-पाच तास बाळाला घेतलं नाही की छाती दाटते, ताठते, हात लागला तरी कळ येते. तसंच राहू दिलं तर दूध साकळतं, गाठी होतात, ताप चढू शकतो. अशा वेळी हाताने किंवा पंपाने आराम पडेल इतपत दूध काढावं आणि ते टाकावं. कारण त्यावेळी रक्तात दारू असेल तर काढलेल्या दुधातही असते, आणि एकदा बाटलीत आलेल्या दुधातून ती परत जाणार कुठे? बाटलीला यकृत नसतं. म्हणून प्यायल्यावर काढलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवून "उद्या देऊ" म्हणू नये. रात्रभर ठेवलं तरी त्यातलं अल्कोहोल कमी होत नाही.

काढून ठेवलेलं दूध मात्र बाळाचं असतं. पहिला घोट घ्यायच्या आधी, शक्य तर एक-दोन दिवस आधीच, थोडं थोडं काढून साठवायचं. साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते ४ तास टिकतं असं सांगतात. पण ठाण्यात वर्षातले किती दिवस घरात २५ अंश असतात? मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये ४ तासांचा हिशेब धरूच नका, काढल्याबरोबर फ्रीजमध्ये टाका. दारातल्या कप्प्यात नको, तिथे दर उघडझाकीला गरम हवा लागते. आत, मागच्या बाजूला. तिथे ४ दिवस चालतं, फ्रीजरमध्ये ६ महिने उत्तम राहतं. एकेका डब्यात ६० मिलीच भरावं, म्हणजे बाळाने कमी घेतलं तर फार वाया जात नाही. तारीख आणि वेळ टेप लावून लिहावी. वर साय आल्यासारखा थर दिसला तर घाबरू नये, डबा हलकेच फिरवला की मिसळतो. फ्रीजरमधलं दूध एकदा पूर्ण वितळलं की फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवावं, पुन्हा गोठवू नये. गरम करायला कोमट पाण्याचं भांडं पुरे. मायक्रोवेव्ह नको, त्यात दूध कुठे गार तर कुठे चटका बसेल इतकं गरम राहतं. आणि पाजायला बाटलीच हवी असं नाही. आपल्याकडे पूर्वी बोंडलं होतं, आज वाटी-चमचा आहे आणि तो धुवायला, उकळायला सोपा.

आता वेळेचा हिशेब. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते की अजिबात न पिणं हेच सर्वात सुरक्षित. मात्र दिवसाला एका मापापर्यंत घेतल्याने अंगावरच्या बाळाला अपाय झाल्याचं माहीत नाही, त्यानंतर किमान २ तास थांबून पाजावं. एका मापाचं अल्कोहोल दुधात साधारण २ ते ३ तास सापडतं, दोन मापांचं ४ ते ५ तास, तीन मापांचं ६ ते ८ तास. मी शेवटच्या घोटापासून मोजायला सांगते, म्हणजे चूक झालीच तर ती बाळाच्या फायद्याची होते. आईचं वजन कमी असेल तर वेळ लांबते. आपल्याकडच्या ४५-५० किलोच्या बायकांनी म्हणूनच वरचा आकडा धरावा.

पण खरी गफलत "माप" या शब्दात आहे. सीडीसीच्या एका मापात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा पेला म्हणजे जवळपास एक माप. आपल्याकडची व्हिस्की, रम सहसा ४२.८ टक्क्यांची, त्यामुळे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये १० ग्रॅम आणि ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. बहिणीचे "फक्त दोन" म्हणजे ४० ग्रॅम, जवळजवळ तीन मापं. आणि "मी तर एकच बिअर घेतली" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यातही ४१ ग्रॅम असतात. घरी ओतताना बूच किंवा अंदाज वापरू नका, बाळाच्या औषधाचं मोजमापी झाकण घ्या.

धास्तीपायी जिवाला घोर लावून घेणाऱ्या आयाही असतात, म्हणून दुसरा आकडाही सांगते. ५५ किलोच्या बाईने एक छोटा पेग घेतला आणि प्रमाण अगदी वर असताना बाळाने १०० मिली दूध प्यायलं, तरी त्या दुधातलं शुद्ध अल्कोहोल एखाद्या थेंबाएवढं भरतं. एखादीने अर्धा पेला वाइन घेतली, बाळ दीड तासातच उठलं आणि तिने पाजलं, तर बाळाला विष दिलं म्हणून रात्रभर रडत बसण्याचं कारण नाही. तरीही मी थांबाच म्हणते, कारण नवजात बाळाचं यकृत मोठ्या माणसाच्या निम्म्याच वेगाने हे काम करतं, आणि पेल्यांची संख्या वाढली की थेंबही वाढतात. बाळ महिन्याच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि घेऊच नका. रोज घ्यावीशी वाटत असेल, तर ते डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यात लाज काही नाही.

गरोदरपणातला नियम इथे लावू नये आणि इथला तिथे तर मुळीच नको. पोटात बाळ असताना दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलेलं नाही. तिथे नाळ थांबवता येत नाही, इथे पाजण्याची वेळ पुढे ढकलता येते.

"बिअरने दूध वाढतं" हे ठाण्यातही ऐकू येतं. बार्लीतल्या एका घटकाने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, वाढतं, एवढ्यापुरतं त्यात तथ्य आहे. पण अल्कोहोल ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाला दाबतं आणि पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. १९९१ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कोहोलचा दुधावर आणि बाळावर काय परिणाम होतो ते तपासलं. आयांनी संत्र्याच्या रसातून थोडं अल्कोहोल घेतल्यावर दुधाचा वास बदलला आणि बाळं नेहमीपेक्षा कमी दूध प्यायली. छाती जड लागते म्हणून आईला दूध वाढल्यासारखं वाटतं. खरं तर ते उतरलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच घरातली आहे. बाळंतिणीला दशमूलारिष्ट आपण हक्काने पाजतो. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेत आपोआप अल्कोहोल तयार होतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं, बहुधा ५ ते १० टक्के. ३० मिलीच्या मात्रेत ते फार तर दोन-अडीच ग्रॅम भरतं, म्हणजे पेगच्या मानाने थोडं. पण दिवसातून दोनदा, आठवडेच्या आठवडे चालतं, म्हणून वैद्यांना विचारून आणि पाजून झाल्यावर लगेच घेतलेलं बरं. वाइनच्या अर्ध्या पेल्यावरून सुनेला बोलणाऱ्या घरात ही बाटली देवघराच्या फडताळात असते, आणि तिच्यावरचं लेबल कुणी वाचलेलं नसतं. सर्दी झाली म्हणून बाळाच्या छातीला ब्रँडी चोळतात, तेही थांबायला हवं. बाळाची त्वचा पातळ असते, तिच्यातून अल्कोहोल आत जातं.

दुधाच्या हिशेबात एक धोका नेहमी मागे पडतो आणि मला तो सर्वात मोठा वाटतो. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं, आणि एरवी आईची झोप इतकी सावध असते की बाळाने कूस बदलली तरी ती जागी होते. दारू तो सावधपणा काढून घेते. त्या रात्री बाळाला त्याच अंथरुणावर घेऊ नये, थोडीशीच घेतली असली तरीही. बाळ पाळण्यात, आणि लक्ष ठेवायला घरातलं न प्यायलेलं कुणीतरी. नवऱ्यानेही घेतली असेल तर सासूबाई, आई, नणंद, कुणालातरी आधीच सांगून ठेवावं. दूध साठवण्याइतकीच ही तयारी महत्त्वाची आहे.

त्या रात्री कोलशेतला साठवलेलं दूध नव्हतं. सासूबाईंनी संध्याकाळी होतं तेवढं पाजून संपवलं होतं. बाळाच्या डॉक्टरांनी अडीअडचणीसाठी सांगून ठेवलेला पावडरचा डबा कपाटात होता. सासूबाईंनी पाणी उकळलं, डब्यावर लिहिलं होतं तेवढंच माप घेतलं, आणि मांडीवर दुपटं अंथरून वाटी-चमच्याने पाजलं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पाळणा त्यांच्या खोलीत गेला. बहिणीने दुसरा पेग साडेनऊला संपवला होता. आम्ही बोटांवर मोजलं, आठ तास म्हणजे साडेपाच.

चारच्या सुमारास ती उठली. ब्लाउज भिजला होता, छाती दगडासारखी झाली होती. बाथरूममध्ये उभी राहून कोमट पाण्याचा हबका मारत तिने हाताने थोडं दूध काढलं, आराम पडेल एवढंच, आणि तसंच वाहू दिलं. "ताई, हे टाकायचं ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी हॉलमध्ये सोफ्यावर बसून राहिलो. पावणेसहाला आतून बाळाची कुरकूर ऐकू आली तेव्हा तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग उठून त्याला घ्यायला गेली.