घरगुती गॅस फर्नेस : दुरुस्तीची गरज ओळखणे

उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत नैसर्गिक वायू किंवा प्रोपेन जाळून हवा तापवणाऱ्या आणि ती पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत पोचवणाऱ्या यंत्राला गॅस फर्नेस म्हणतात. अमेरिकेतील सुमारे निम्मी घरे नैसर्गिक वायूवर तापवली जातात आणि त्यांपैकी बहुसंख्य घरांत हे यंत्र बेसमेंटमध्ये, माळ्यावर किंवा कपाटवजा खोलीत बसवलेले असते. शिकागो, न्यू जर्सी, टोरांटो अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे त्याच्याकडे लक्ष जाते ते बहुधा ऐन हिवाळ्यात ते बंद पडल्यावरच. कडाक्याच्या थंडीत फर्नेस बंद पडणे त्रासाचे असते आणि पाण्याच्या नळांत बर्फ धरून ते फुटण्याची भीतीही असते. तरीही बंद पडलेली फर्नेस बहुतेक वेळा एखाद्या सुरक्षा-स्विचने आपले काम चोख बजावल्याची खूण असते. अधिक धोक्याची असते ती ऊब देत राहूनही आत नीट न जळणारी फर्नेस. त्यामुळे तंत्रज्ञाला केव्हा बोलवायचे हे ठरवताना हवा गरम येते की नाही एवढे पाहून भागत नाही. वायू कसा जळतो आणि जळून उरलेले वायू घराबाहेर जातात की नाही, हे पाहावे लागते.

चालण्याचा क्रम : न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या ॲलिस एच. पार्कर यांना २३ डिसेंबर १९१९ रोजी नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या तापनव्यवस्थेचे पेटंट मिळाले. त्यांचा आराखडा जसाच्या तसा घरोघरी गेला नाही, पण कोळशाऐवजी वायू जाळून घराच्या निरनिराळ्या भागांना स्वतंत्रपणे ऊब द्यावी ही कल्पना त्यात होती. पुढे कित्येक दशके फर्नेसमध्ये एक छोटी पायलट ज्योत अखंड तेवत असे. आजच्या यंत्रांत ती नसते. त्यांचे काम ठरलेल्या पायऱ्यांनी होते आणि प्रत्येक पायरीवर एकेक पहारेकरी बसवलेला असतो. घराचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटने २४ व्होल्टचा संदेश पाठवला की आधी धूर बाहेर खेचणारा छोटा पंखा सुरू होतो. त्याची ओढ पुरेशी आहे अशी प्रेशर स्विचची खात्री पटली की वायू पेटवणारा इग्नायटर तापून लाल-नारिंगी होतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. ज्योतीत बुडालेली एक बारीक धातूची कांडी, म्हणजे फ्लेम सेन्सर, ज्योतीतून वाहणारा काही मायक्रोॲम्पिअर इतकाच प्रवाह मोजून ज्योत खरोखर पेटल्याची ग्वाही देते. ती न मिळाल्यास काही सेकंदांतच व्हॉल्व्ह बंद होतो. ज्योत टिकली तर हीट एक्स्चेंजरचा, म्हणजे ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या पोकळ भागाचा, पत्रा तापतो आणि साधारण अर्ध्या ते एका मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होऊन त्या पत्र्यावरून घरातली हवा फिरवू लागतो. ज्योत आणि धूर पत्र्याच्या आत, श्वासाची हवा पत्र्याच्या बाहेर, ही या यंत्रातील सर्वांत महत्त्वाची सीमा होय.

बिघाड नेमका कोणत्या पायरीवर होतो हे यंत्राजवळ उभे राहून पाच मिनिटे पाहिले तरी बऱ्याच अंशी कळते. बर्नर नीट पेटतात, तीन ते सात सेकंद जळतात, विझतात, थोड्या वेळाने पुन्हा पेटतात आणि अशा काही फेऱ्यांनंतर यंत्र रुसल्यासारखे गप्प होते, असे दिसले तर फ्लेम सेन्सरवर काजळीचा किंवा ऑक्साइडचा थर बसल्याचा संशय सर्वांत आधी घेतला जातो. धूर खेचणारा पंखा फिरतो पण पुढे काहीच घडत नाही, तेव्हा प्रेशर स्विच, त्याची रबरी नळी किंवा तुंबलेला धुराचा मार्ग यांपैकी काही तरी कारण असते. बहुतेक यंत्रांच्या सर्किट बोर्डावर एक लहान दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असतो. तंत्रज्ञाला फोन करताना हा आकडा सांगितला तर तो योग्य भाग बरोबर घेऊन येऊ शकतो.

घरच्यांनी पाहण्याच्या गोष्टी : फोन करण्याआधी काही साधी कारणे वगळावीत. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात; ब्रेकर पडलेला असतो; फर्नेसजवळ किंवा बेसमेंटच्या जिन्यापाशी असलेले, अगदी दिव्याच्या बटणासारखे दिसणारे फर्नेसचे बटण कोणी तरी दिवा समजून बंद केलेले असते. ब्लोअरचे झाकण नीट बसले नसेल तर त्यामागचा स्विच यंत्राला सुरूच होऊ देत नाही. उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसचे हवा घेणारे आणि धूर सोडणारे पांढरे पीव्हीसी पाइप घराच्या भिंतीतून बाहेर निघतात. हिमवादळानंतर ते बर्फाखाली गाडले जातात आणि ते मोकळे करताच यंत्र सुरळीत चालू लागते.

सर्वांत जास्त त्रास मात्र फिल्टर देतो. तो धुळीने भरला की हीट एक्स्चेंजरवरून पुरेशी हवा जात नाही, पत्रा अतितप्त होतो, लिमिट स्विच बर्नर बंद करतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू करतो. घर कधीच नीट तापत नाही, पण यंत्र सारखे चालू-बंद होत राहते. धूळ जास्तीत जास्त अडावी म्हणून अतिशय दाट विणीचा महागडा फिल्टर बसवणारेही नकळत हेच दुखणे ओढवून घेतात, कारण जुन्या यंत्राच्या ब्लोअरला त्यातून हवा ओढणे जड जाते. फिल्टर बदलूनही ही उघडझाप थांबली नाही, तर घरच्यांच्या हातातले उपाय तेथे संपतात. गॅसची नळी, व्हॉल्व्ह, बर्नर, धुराचा मार्ग आणि हीट एक्स्चेंजर यांना परवानाधारक तंत्रज्ञानेच हात लावावा.

ज्योत व काजळी : नीट जळणारी ज्योत स्वयंपाकघरातल्या चांगल्या शेगडीच्या ज्योतीसारखी निळी, स्थिर आणि आखीव असते. नव्या यंत्रांत ती काचेच्या लहानशा झरोक्यातून दिसते. ज्योतीत अधूनमधून चमकणारे नारिंगी ठिपके धुळीमुळे किंवा ह्युमिडिफायरच्या पाण्यातल्या क्षारांमुळे येतात आणि त्यांचे फारसे मनावर घेऊ नये. सतत पिवळी, लांब आणि डोलणारी ज्योत मात्र ज्वलनाला हवा कमी पडत असल्याचे सांगते आणि अशा अपूर्ण ज्वलनातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बर्नरच्या आसपास काजळी, करपलेला रंग किंवा वितळलेल्या वायरी दिसल्या तर ज्योत आपली जागा सोडून बाहेर येत असावी असे समजावे. हे टिपण्यासाठी बसवलेला रोलआउट स्विच एकदा पडला की बऱ्याच यंत्रांत हातानेच पूर्ववत करावा लागतो. तो दाबून फर्नेस चालू करत राहणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत घातक उपाय आहे.

आणखी एक खूण बारकाईने पाहण्याजोगी आहे. बर्नर पेटल्यावर ज्योत शांत असते आणि मोठा ब्लोअर सुरू होताच ती एकदम हलू लागते, वाकते किंवा फुलते. ब्लोअरची हवा ज्योतीपर्यंत पोचण्याला वाट नसायला हवी. ती पोचते याचा अर्थ हीट एक्स्चेंजरला तडा किंवा भोक पडले असण्याची शक्यता आहे. असे दिसल्यास फर्नेस बंद ठेवून तपासणी करून घ्यावी.

आवाजांपैकी पेटताना होणारा धप्प असा दणका गंभीर मानला जातो, कारण बर्नर मळल्याने किंवा उशिरा पेटल्याने आत साचलेला वायू एकदम भडकतो आणि वारंवार असे झाल्यास पत्राही तडकू शकतो. ब्लोअरची किंचाळी, खडखड किंवा घरघर बेअरिंग वा मोटर खराब होत असल्याची पूर्वसूचना असते. डक्टचा पत्रा तापताना होणारी टकटक निरुपद्रवी असते.

वास, विषारी वायू व धोक्याचा इशारा : हंगामात पहिल्यांदा फर्नेस लावल्यावर काही तास येणारा जळक्या धुळीचा वास स्वाभाविक आहे; प्लॅस्टिक किंवा वायर जळल्याचा वास मात्र स्वाभाविक नाही. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे गॅसगळती. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी अशाच गंधहीन वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर वायूत गंधद्रव्य मिसळणे सक्तीचे होत गेले. असा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, घरातून फोनही करू नये, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच गॅस कंपनीला किंवा ९११ या क्रमांकावर कळवावे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो बेसमेंटच्या तळाशी साचतो, म्हणून उभ्याने वास न आल्यास निर्धास्त राहू नये.

कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास, चव काहीच नसते आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट सहज जोडला जातो. बंद बाथरूममधील गॅस गिझरमुळे मुंबई-पुण्यात होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांतून मराठी वाचकाला हा वायू परिचित आहे. फर्नेसच्या बाबतीत तोच धोका घराच्या सगळ्या खोल्यांत डक्टवाटे पसरू शकतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, थकवा ही लक्षणे फ्लूसारखी वाटतात, पण ताप नसतो, घरातल्या अनेकांना ती एकदम होतात आणि घराबाहेर गेल्यावर उतरतात. अमेरिकेतील प्रचलित मानकानुसार बनवलेला अलार्म ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) पातळीला एक ते चार तासांत, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत वाजतो. म्हणजे थोड्या प्रमाणात दीर्घकाळ साचणाऱ्या वायूबद्दल तो गप्प राहू शकतो आणि अलार्म वाजला नाही म्हणून वरील लक्षणे दुर्लक्षित करणे चुकीचे ठरते.

उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसखाली पाण्याचे थारोळे दिसले तर धुरातील वाफेचे आम्लधर्मी पाणी वाहून नेणारी नळी किंवा तिच्यातला पाणी धरून ठेवणारा ट्रॅप तुंबला असण्याची शक्यता जास्त असते. जुन्या, पत्र्याची चिमणी असलेल्या यंत्राभोवतीचा गंज अधिक काळजीचा, कारण तेथे पाणी मुळात साचायलाच नको. थंडी तशीच असताना वाढत गेलेले गॅसचे बिल ही खूण उपयोगी, पण एकटी पुरेशी नाही.

तपासणी व निर्णय : कसलेला तंत्रज्ञ अंदाजाने भाग बदलत सुटत नाही. तो मॅनोमीटरने गॅसचा दाब, धुराच्या नळीत घातलेल्या उपकरणाने ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड, तसेच आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक मोजतो आणि हा फरक यंत्रावरील पाटीवर छापलेल्या मर्यादेत आहे का ते पाहतो. हीट एक्स्चेंजर तडकल्याचे निदान झाले की बहुधा नवीन फर्नेसचा खर्च समोर येतो. त्यामुळे कॅमेऱ्याने घेतलेले तड्याचे छायाचित्र आणि मोजमापांचे आकडे मागणे यात संकोच नसावा आणि गरज वाटल्यास दुसरे मत घ्यावे, मात्र तोवर यंत्र बंदच ठेवावे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात गॅस तंत्रज्ञांना जी-१, जी-२, जी-३ असे परवाने असतात आणि जी-३ धारकाला देखरेखीखालीच काम करता येते, म्हणून परवाना पाहून घेणे तेथे रूढ आहे. भाडेकरूने दुरुस्तीची मागणी घरमालकाकडे करायची असते. शिकागोत १५ सप्टेंबर ते १ जून या काळात दिवसा ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरेनहाइट तापमान राखण्याचे बंधन नगरनियमाने मालकावर घातलेले आहे.

फर्नेसचे आयुष्य साधारणतः १५ ते २० वर्षे धरले जाते. इग्नायटर, फ्लेम सेन्सर, प्रेशर स्विच यांची दुरुस्ती जुन्या यंत्रातही परवडते. वय झालेल्या यंत्राचा हीट एक्स्चेंजर गेला असेल तर बदलणेच शहाणपणाचे. मात्र चिमणीने धूर सोडणाऱ्या जुन्या फर्नेसच्या जागी पीव्हीसी पाइपची नवी बसवली की पाणी तापवणारा टँक त्या मोठ्या चिमणीवर एकटा उरतो, त्याच्या थोड्याशा धुराने चिमणी पुरेशी तापत नाही आणि धूर उलटा बेसमेंटमध्ये येऊ शकतो. नव्या फर्नेसच्या अंदाजपत्रकात चिमणीच्या अस्तराची किंवा टँक बदलण्याची तरतूद आहे का, हे काम देण्यापूर्वीच विचारावे लागते.