निवडणूक सर्वेक्षणे आणि कलम १२६अ : पार्श्वभूमी

राज्यशास्त्राचे अभ्यासक मतदाराच्या दारात जाऊ लागले ते १९६०च्या दशकात. १९६७ आणि १९७१च्या लोकसभा निवडणुकांवर देशव्यापी पाहण्या झाल्या, मग मोठा खंड पडला आणि १९९६ला ही परंपरा पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी सरकारी दूरचित्रवाणीने दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेकडून एक्झिट पोल, म्हणजे मत देऊन आलेल्यांना विचारून बांधलेला निकालाचा अंदाज, करून घेतला. वर्गावर शिकवणारी माणसे स्टुडिओत बसून जागांचा हिशेब सांगू लागली. अभ्यास आणि भाकीत यांची सरमिसळ तिथून वाढली.

जानेवारी १९९८मध्ये निवडणूक आयोगाने मतदानाच्या काळात जनमत चाचण्या आणि एक्झिट पोल, दोन्हींच्या प्रसिद्धीला मनाई केली. मतदान टप्प्याटप्प्याने होते, पहिल्या टप्प्याचे अंदाज पुढच्या मतदारांवर परिणाम करतील, ही भीती. भीती खोटी नव्हती, पण अधिकार कुठला? १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमके तेच विचारले आणि आयोगाला सूचना मागे घ्याव्या लागल्या. अखेर २००९ची कायदादुरुस्ती आली आणि फेब्रुवारी २०१०पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६अ लागू झाले : सर्व टप्प्यांचे मतदान संपेपर्यंत एक्झिट पोलवर बंदी. भंग केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जनमत चाचण्या मात्र बऱ्याचशा सुटल्या.

खरी गोची व्याख्येत आहे. मतदारांनी मत कसे दिले याची कोणतीही पाहणी कायद्याच्या लेखी एक्झिट पोलच. मतदान केंद्राबाहेर घाईत विचारलेला एक प्रश्न, आणि मतदानानंतर मतदार यादीतून नावे काढून, घरी जाऊन, नमुना मतपत्रिका पेटीत टाकायला लावून जात, शेती, शिक्षण यांवर केलेली सविस्तर मुलाखत, दोन्हींना एकच माप! त्यातून बंदी पाहणी ‘घेणे आणि प्रसिद्ध करणे’ यांवर आहे. म्हणजे माहिती गोळा करून आकडे मतदान पूर्ण होईपर्यंत कपाटात ठेवले तर चालते, असा अर्थ लावून अभ्यासकांचे काम निभावते. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ असता तर मतदानोत्तर संशोधनच अडले असते. इतके मोठे काम एका उभयान्वयी अव्ययाच्या भरवशावर सोडणे बरे नव्हे.

२०२४च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, आल्या २९३. महाराष्ट्रात तर ४८पैकी १७च. टीका झाली ती सगळ्याच सर्वेक्षणवाल्यांवर. कोणता समाजगट कुठून कुठे सरकला, हे सांगणारे मतदानोत्तर तक्ते निकालानंतर आले, तोवर चॅनेलांवर मंत्रिमंडळाची चर्चा सुरू झाली होती.