आमदारकीचा पहिला कागद: विधानसभेचा उमेदवारी अर्ज कसा भरायचा

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले. दर निवडणुकीला त्यांनाही तोच अर्ज नव्याने भरावा लागला, जो पहिल्यांदा उभा राहणाऱ्या पोराला भरावा लागतो. या कागदापुढे जुना-नवा सगळे सारखे. म्हणूनच गावातलं चांगलं काम केलेल्या माणसाचा अर्ज सह्यांच्या किंवा शपथपत्राच्या चुकीने बाद झाला की फार वाईट वाटतं. मतदारांनी नाकारणं वेगळं. इथे मतदारांपर्यंत पोचताच येत नाही.

आधी पात्रता. भारताचं नागरिकत्व हवं आणि छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत. विधान परिषदेला हीच अट ३० वर्षांची आहे. नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत असलं तरी चालतं. म्हणजे कोथरूडचा मतदार करमाळ्यातून उभा राहू शकतो. फक्त त्याने आपल्या नावाच्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत द्यायची. राज्यातल्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तिथे उमेदवार त्या प्रवर्गातलाच लागतो आणि जातीचा दाखला जोडावा लागतो. शिक्षणाची अट नाही. दोन अपत्यांची अट ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला आहे, विधानसभेला नाही. हा गोंधळ गावोगावी आढळतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अपात्रतेचं म्हणाल तर सरकारी लाभाचं पद, सरकारशी चालू असलेलं कंत्राट आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा, या तीन गोष्टी आधी तपासा. अशी शिक्षा झाली तर सुटकेनंतरही सहा वर्षं उभं राहता येत नाही. नुसता गुन्हा दाखल असेल तर उभं राहता येतं, पण तो लपवता येत नाही.

आता अर्ज. नमुना २ब हा उमेदवारी अर्ज. तो सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत उमेदवाराने किंवा सूचकाने (त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदाराने) स्वतः निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या, नाहीतर नेमून दिलेल्या सहायक अधिकाऱ्याच्या हातात द्यायचा. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी अर्ज घेत नाहीत. २०२४ साली शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि त्याआधी २७ ला रविवार. आठवडाभराची मुदत अशीच आकसते. ऑनलाइन भरायची सोय आहे, पण त्याचीही छापील प्रत सही करून नेऊन द्यावीच लागते. दालनात उमेदवाराला धरून पाचच जणांना सोडतात. मिरवणूक बाहेरच थांबते.

सगळ्यात जास्त जपायचं ते सूचकांना. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला, किंवा नोंदणी असली तरी मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला, दहा लागतात, आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतून बोट ठेवून वाचून घ्या. जुन्या मतदार चिठ्ठीवरचा आकडा उतरवू नका. एखादी आजी अंगठा उठवणार असेल तर तो घरी ओट्यावर घेऊन चालत नाही. अंगठा अधिकाऱ्यासमोर उठवायचा आणि त्याने तो साक्षांकित करायचा असतो, त्यामुळे आजीला सोबत न्यावं लागतं. दहातला एक जरी कच्चा निघाला तर तो अर्ज पडतो. म्हणून माझा आग्रह असतो की, कायद्याने एका मतदारसंघात चार अर्ज भरू दिलेत तर चारही भरा, आणि प्रत्येकावर वेगळे सूचक घ्या. अनामत एकदाच भरावी लागते: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००, जागा खुली असली तरी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत आणि उमेदवार पडला, तर ती जप्त होते.

पक्षाचे उमेदवार असाल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने तुम्हाला अधिकृत उमेदवार केल्याचं पत्र, शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचला पाहिजे, तोही शाईच्या मूळ सहीचा. झेरॉक्स चालत नाही. अपक्षाने मुक्त चिन्हांतली तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची.

नमुना २६ चं शपथपत्र एका बैठकीत होत नाही. निदान चार दिवस हाताशी ठेवा. स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, पॅन, गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, दाखल गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात येतं. बायकोच्या अंगावरचं सोनं, सोसायटीचं पीककर्ज, सातबाऱ्यावरचा सामाईक हिस्सा या नोंदी हमखास राहून जातात. एकही रकाना कोरा ठेवू नका. लागू नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. शपथपत्र नोटरी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करायचं, प्रत्येक पानावर सही. गुन्हे दाखल असतील तर प्रचाराच्या काळात ते तीनदा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात.

खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडा. पांढऱ्या पार्श्वभूमीचा, तीन महिन्यांच्या आतला फोटो द्या. आणि अर्ज दिल्यावर लगेच राज्यघटनेची शपथ घ्या. ती छाननीच्या दिवसाच्या आधीच व्हावी लागते. अर्ज दिला, फोटो काढले, घरी गेले आणि शपथ राहिली, असं घडू देऊ नका.

छाननीला स्वतः हजर राहा. किरकोळ चुकीसाठी अर्ज फेटाळता येत नाही, आणि हरकत आली तर उत्तराला वेळ मागता येतो. पण मागायला तिथे कुणीतरी हवं.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, जिंकलात तरी आणि पडलात तरी. पडलेले उमेदवार इथेच ढिले पडतात. हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, तेव्हा बिलांची फाईल पहिल्या दिवसापासून एकाच माणसाकडे द्या.